भिंतीवरच्या पाच सावल्या

सकाळच्या उन्हात चौथ्या मजल्यावरच्या अर्धवट भिंतीवर पाच सावल्या पडत. चार सावल्यांच्या डोक्यावर हेल्मेट होते. पाचवीच्या हातात थापी होती, आणि हलायची तेवढी तीच.

ही पाचवी सावली गवंड्याची. राज्यात बांधकामावरचा रोजगार वाढवायचा, असे वर ठरले होते. रोजगार माणसांच्या संख्येवर मोजतात. एका भिंतीवर विटा लावणारे फार मावत नाहीत, शेजारी उभे राहणारे मात्र कितीही मावतात. म्हणून आधी देखरेखीला एक माणूस आला. मग सुरक्षा अधिकारी आला. तो गवंड्याला वारंवार खाली बोलावून, वर सुरक्षित वाटते का, असे विचारी. त्यामुळे काम रेंगाळले, म्हणून गती-निरीक्षक नेमला गेला. काम का रेंगाळते हे तो गवंड्यालाच विचारी, आणि उत्तरे टिपून घ्यायला चौथा माणूस लागला. भिंत जवळजवळ थांबली. देखरेख किती गरजेची होती, हे आता सगळ्यांना पटले.

देखरेखीवरचा माणूस गवंड्याचा मेहुणाच होता.

"दाजी, अभिनंदन. तुमची मजुरी वाढली."

"हातात तर तेवढीच पडली."

"हातात नाही हो, सरासरीत. आम्हा चौघांचे पगार धरले की तुम्ही कुठल्या कुठे जाता."

"मग घरभाड्याची सरकारी मदत का बंद केली?"

"एवढ्या वर गेलेल्या माणसाला मदत कशी देणार?"

घरमालकाला सरासरी चालत नव्हती. महिनाअखेर खोली सोडा, असे त्याने सांगून टाकले.

"माझा भाऊ कधीचा हेल्मेट देतो, देखरेखीला लावतो म्हणतोय," बायको म्हणाली. "खांदा पार गेलाय तुमचा. आता खोलीही चालली. अजून किती दिवस बघू, बघू?"

"ही भिंत होऊ दे. अर्धी कशी टाकू?"

खरे तर भिंत सरळ वर चढताना पाहायला त्याला आवडे. हे बायकोला सांगण्यासारखे कारण नव्हते.

त्याच आठवड्यात बातमी छापून आली: बांधकामात रोजगार आणि मजुरी, दोन्ही विक्रमी वाढली. या इमारतीचा आदर्श म्हणून खास उल्लेख होता. बातमी वाचून पुष्कळांना बरे वाटले. त्यांतल्या काहींनी याच इमारतीत घर नोंदवले होते. ताबा कधी मिळणार, एवढेच त्यांना कळत नव्हते.

मेहुण्याने बातमी मोठ्याने वाचून दाखवली. गवंड्याने ती शेवटपर्यंत ऐकली, थापी पुसली आणि भिंतीवर आडवी ठेवली.

"दे ते हेल्मेट."

"अहो दाजी, पण मग विटा कोण लावणार?"

"मी नाही. उद्यापासून मीपण नुसता बघणार. ज्याला इथं राहायचंय, त्यानं लावाव्यात."