पडदा, बोटभर जास्त

“बोलून काय दाखवायचं, बाई? मी करूनच दाखवते!”

नववीच्या वर्गात हे वाक्य पडलं आणि शेवटच्या बाकावरचे दोघे जागे झाले. वाक्य टाकणारी भिंगरी. खरं नाव हजेरीपटात आहे. पण एका जागी घटकाभर न ठरणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार?

भाषेच्या बाईंनी काम साधंच दिलं होतं. वर्षभरात कुठल्या तासाला कुठलं कौशल्य शिकलात, ते एकेकानं उभं राहून दोन मिनिटं सांगायचं. बस्स! पण साधं काम साधेपणानं करील ती भिंगरी कसली!

“करून म्हणजे काय करणार?” बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

“नाटकाचा पडदा! जुना फाटलाय ना? नवा मी करते. एकटी!”

शाळेचं नाटकही बाईच बसवत होत्या. त्यांनी पर्समधून रंगमंचाच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि टेबलावर ठेवला. “पडदा नीट उघडला, नीट मिटला, तर पुढच्या वर्षी या तुझ्याकडे. आणि दोन मिनिटं बोलावंही लागेलच.”

किल्ल्या! पाचवीपासून भिंगरीचा त्या जुडग्यावर डोळा होता. ज्याच्याकडे किल्ल्या, त्याचा रंगमंच. दिवे त्याचे, दोर त्याचे, राजालासुद्धा “हो बाजूला” म्हणायचा हक्क त्याचा!

(आता गोष्ट वेळापत्रकाप्रमाणे. मध्येच कुणी पाणी प्यायला जाऊ नये.)

गणित. सर आकडा असा हातात घेत, जसं कुणी तान्हं बाळ घ्यावं. रंगमंचाची उंची-रुंदी पाहून म्हणाले, “अंदाज नेहमी वर न्यायचा, बाळ. उरलं तर हसशील, कमी पडलं तर रडशील.” काय बोलले! भिंगरीनं दोन्ही मापं वर नेली.

विज्ञान. मॅडमनी कापडाचा तुकडा मोजला, भिजवला, वाळवला, पुन्हा मोजला. आटला होता! “कोरं कापड थापा मारतं,” मॅडम म्हणाल्या. “धुतलं की खरं बोलतं. आटेल तेवढं वाढवून घे.” भिंगरी थक्क. वाढवून घेतलं.

सुतारकाम. सरांच्या कानावर पेन्सिल आणि तोंडात मौन. भिंगरीनं पडद्याचा दांडा कापायला करवत उचलली, तेव्हा एवढंच म्हणाले, “कापलेलं लाकूड वाढत नाही. बोटभर जास्त ठेव.” भिंगरीची बोटं बारीक. तिनं हातभर ठेवलं.

शिवणकाम. “माया सोड गं, माया!” शिवणाच्या बाई ओरडल्या. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, ती माया. “कंजुषी केलीस तर पहिल्या ओढीला उसवेल!” भिंगरीनं अशी माया सोडली, जशी आजी नातवाच्या भातावर तूप सोडते.

मधली सुट्टी. पायरीवर बसल्या बसल्या भिंगरीला उमगलं, की चार खोल्या, चार माणसं, पण सगळे सांगतायत एकच! थोडं जास्त ठेव. चुकायला जागा ठेव. तिला त्या चौघांचं इतकं कौतुक वाटलं, की डबा खायचा राहिला.

घरी. आईचं शिवणयंत्र खडखडत होतं. कापड बैठकीतून निघून स्वयंपाकघरात वळलं होतं.

“अगं, आजोबा कुठे गेले?” बाबांनी विचारलं.

“मी इथंय!” कापडाखालून आवाज आला. “पेपर वाचतोय. उजेड करा जरा!”

“भिंगरे, जरा जास्तच वाटतंय का गं?” आई म्हणाली.

“आई, जास्तच असतं. शास्त्र आहे!”

आणि शास्त्राला आपलाही हातभार हवा म्हणून तिनं शेवटी स्वतःतर्फे थोडं वाढवलं.

नाटकाचा दिवस. तास नाही, कत्तल.

दांडा दोन भिंतींमध्ये बसेना. शेवटी तिरका ठोकला. पडदा सोडला. तो उतरला, जमिनीला टेकला, थांबला नाही. मंचाच्या कडेवरून खाली ओघळला आणि वेळेआधी येऊन पहिल्या रांगेत बसलेल्या मुख्याध्यापिकांच्या गुडघ्यांवर पसरला.

“आभारी आहे,” त्या म्हणाल्या, “पण मला थंडी वाजत नाहीये.”

विंगेत भाषेच्या बाईंच्या मुठीत किल्ल्या वाजल्या. भिंगरी पडदा वर ओढू लागली, तो संपेचना! लोक येऊ लागले होते.

आणि मग ते चौघे धावत आले. हाक कुणी मारली नव्हती. गणिताचे सर टेप घेऊन, शिवणाच्या बाई कात्री घेऊन, सुतारकामाचे सर करवत घेऊन, मॅडम नुसत्याच बाह्या सरसावून. काय ते हात! करवत तालात, कात्री सरळ रेषेत, टेप सापासारखी सळसळत. भिंगरी आ वासून बघत राहिली. मोठी झाल्यावर आपल्याला असं काहीतरी, कुठलंही एक, यायलाच हवं!

“किती कापायचं?” सुतारकामाच्या सरांनी विचारलं.

“आकडा वर नेतो,” गणिताचे सर म्हणाले.

“ओल आहे हवेत, जड होऊन कापड लोंबेल,” मॅडम म्हणाल्या. “थोडं आणखी कापा.”

“खालची दुमड घालायचीय,” शिवणाच्या बाई म्हणाल्या, आणि दुमडीला एक पट्टी आणखी कापून टाकली!

“बोटभर जास्त,” सुतारकामाचे सर पुटपुटले आणि करवत दांड्यावर फिरवली.

घंटा झाली. पडदा लागला. नटांच्या गुडघ्यापर्यंतच.

दांडा दोन्हीकडच्या आधारांना पुरेना, म्हणून राजाचे दोन सैनिक स्टुलांवर उभे राहून तो धरून राहिले. नाटकभर राजा सैन्याशिवाय लढला आणि तरी जिंकला. प्रत्येक प्रवेशानंतर पडदा मिटे आणि लोकांना दिसत फक्त पाय. खुर्च्या ओढणारे पाय, एक चप्पल शोधणारी राणी, आणि मागून पळत जाणारी भिंगरीची पावलं. लोकांनी सर्वांत जास्त टाळ्या पायांना दिल्या!

शेवटी बाईंनी भिंगरीला बोलावलं. जुडगा बराच वेळ हातात फिरवला.

“पडदा उघडला. मिटलाही. गुडघ्यापर्यंत का होईना. घे.”

“बाई, खरंच?”

“किल्ल्या तुझ्या. टेप माझ्याकडे राहील.”

दुसऱ्या दिवशी, भाषेचा तास. भिंगरी उभी राहिली. गणित, विज्ञान, लाकूड, कापड, प्रत्येकाचे हात, प्रत्येकाचा आवाज, सगळं सांगू लागली. वर्ग हसला, मग शेवटच्या बाकावरच्या दोघांना पुन्हा झोप लागली. सांगता सांगता घंटा झाली. गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले.

“अगं, दोन मिनिटं म्हटलं होतं ना!” बाई म्हणाल्या.

“हो बाई,” भिंगरी म्हणाली. “पण मी थोडं जास्त ठेवलं होतं.”