खोली उपसमिती

नेम चुकला तर दोष नेम धरणाऱ्याचा नसतो, हे प्रगत समाजाचे पहिले लक्षण आहे. सिंगापूरच्या आमच्या मराठी नेमबाज मंडळाने ही प्रगती २००६ सालीच गाठली.

त्याचे श्रेय अध्यक्ष शैलेंद्र दाबके यांना. आंग मो किओतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात ते क्वालिटी मॅनेजर. मंडळ दर शनिवारी एका रेंजवर तासभर जागा भाड्याने घेई. तिथे दाबक्यांच्या दहापैकी सात गोळ्या कागदाबाहेर जात. (उरलेल्या तीन कुठे जात, याची नोंद नाही.)

दुसऱ्या कोणी सराव केला असता. दाबक्यांनी इंटरनेट पाहिले. तिथे त्यांना कळले, की काडतुसाच्या पुंगळीत गोळी किती खोल बसवली आहे, यावर अचूकता अवलंबून असते. केसभर फरकानेही गोळी भरकटते. हे खरे आहे. म्हणूनच पुढचा अनर्थ झाला.

इथे घरी काडतुसे भरायला परवानगी नाही. रेंजवर मिळतील ती तिथेच उडवायची. त्यामुळे खोली बदलणे अशक्य होते. मोजणे मात्र शक्य होते. तातडीने ‘खोली उपसमिती’ स्थापन झाली. (दाबक्यांच्या यिशुनच्या फ्लॅटमध्ये सरोजिनीवहिनींना वाटले, नवरा अखेर एक खोली जास्त असलेली जागा बघतोय. त्यांनी पडद्याचे कापडही आणले.)

उपसमितीत आम्ही तिघे : अध्यक्ष, अध्यक्षांचा डिजिटल कॅलिपर आणि मी. प्रत्येक काडतूस तीनदा मोजायचे, सरासरी काढायची आणि औषधाच्या सात कप्प्यांच्या डबीत लांबीनुसार लावायचे. तासातली बावन्न मिनिटे मोजणीला, आठ नेमबाजीला. रेंजवरचे मिस्टर टॅन घड्याळ दाखवत विचारत, “अंकल, यू शूटिंग ऑर नॉट?”

“डेटा फर्स्ट,” दाबके म्हणत.

या प्रगतीत एकच अडथळा होता : निशिगंधा कारखानीस. पाया लेबारच्या ऑफिसात अकाउंटंट. ती येई, हाताला लागेल ते काडतूस घाली आणि काळ्या ठिपक्याच्या मधोमध भोके पाडून घरी जाई.

नोव्हेंबरात दुसऱ्या एका क्लबाशी सामना ठरला. आमच्याकडून एकच नेमबाज उतरणार होता. निशिगंधाला ती जागा मनापासून हवी होती. सामना बघायला तिने पुण्याहून आईला बोलावून घेतले होते. दाबक्यांनी तोंडी परीक्षा ठेवली.

“गोळीची खोली किती असावी?”

“ठाऊक नाही, काका. मी समोर बघते आणि ट्रिगर दाबते.”

“समोर बघते,” दाबक्यांनी लिहून घेतले. “याला आधार?”

“लागते ना पण!”

“त्याला योगायोग म्हणतात.”

“दर शनिवारी?”

“म्हणजे जुना योगायोग आहे.”

ती नापास झाली. निकालावर माझीही सही आहे. आईला तिने काय सांगितले, माहीत नाही. सामन्याच्या दिवशी दोघी मागच्या रांगेत बसल्या होत्या आणि निशिगंधा बुटाची न सुटलेली नाडी पुन्हा पुन्हा बांधत होती.

आमच्याकडून दाबकेच उतरले. त्यांनी तंतोतंत सारख्या लांबीची दहा काडतुसे निवडली. दहाही गोळ्या अगदी मधोमध, नाण्याएवढ्या जागेत लागल्या.

शेजारच्या लक्ष्यावर.

ते प्रतिस्पर्ध्याचे होते. कोणते भोक कोणाचे, हे ठरेना. तेव्हा नियमाप्रमाणे सगळ्यांत चांगली दहा भोके लक्ष्याच्या मालकाच्या नावे लागली. प्रतिस्पर्धी जिंकला आणि जाताना दाबक्यांना मिठी मारून गेला.

“काका, तुमचे लक्ष्य नऊ नंबरचे होते,” निशिगंधा म्हणाली. आवाज शांत होता, डोळे नव्हते.

“तो मुद्दा उपसमितीच्या कक्षेत येत नाही.”

इतिवृत्तात नोंद झाली : ‘अचूकता सिद्ध. लक्ष्य चुकीच्या जागी आढळले.’ लगेच लक्ष्यस्थान उपसमिती नेमली गेली आणि दाबक्यांची बिनविरोध फेरनिवड झाली. निशिगंधा पुढच्याच महिन्यात त्या दुसऱ्या क्लबात गेली. (तिथे तोंडी परीक्षा नसते. दर्जा घसरलेला दिसतो.)

नंतर मला बावीस सभासदांचे फोन आले. सगळ्यांना कॅलिपर कुठल्या कंपनीचा, हे विचारायचे होते. निशिगंधाला सरावात किती गुण मिळायचे, हे एकानेही विचारले नाही.

वाचकहो, इथवर येऊन तुम्हीही विचारले नाहीत. नव्या उपसमितीत दोन जागा रिकाम्या आहेत. अर्जासोबत फोटो जोडावा.