म्हैस जेवायला लागली

म्हैस जेवेना, म्हणून सोनाळ्याचे शेषराव खुशीत होते. विमलबाई लेकीच्या, प्रेरणाच्या बाळंतपणाला सव्वा महिन्यासाठी नाशिकला गेल्या, त्याला आता तिसरा महिना लागला होता. त्यांची जुनी चप्पल दाराशीच होती. शेषराव रोज ती फडक्यानं पुसत आणि कुणी आलं की फडकं चटकन खांद्यावर टाकत. विमलबाईंची फार आठवण येत होती. पण चौतीस वर्षांच्या संसारात असलं काही बोलायची सवय कुणाला? म्हशीनं ती सोय केली होती.

"अवं, म्हैस गोळीपेंडीले तोंड लावत नाही. तुयासाठी झुरून राह्यली," ते फोनवर म्हणाले.

"अगंबाई! मंग येतेच रविवारी."

पण विमलबाई पडल्या काळजी करणाऱ्या. त्यांनी गावात गोळीपेंड करणाऱ्या अकीलला फोन करून झापलं. अकीलनं ते मनाला लावून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी नवं पोतं आणून दिलं. म्हशीनं टोपलं चाटूनपुसून साफ केलं.

शेषराव तरातरा अकीलच्या मशीनवर गेले. "काय टाकलं बे पेंडीत?"

"ग्लिसरीन, काका."

"ते तं थंडीत ओठाले लावते!"

"हे जनावराच्या खाद्यातलं हाय. गोळी फुटत नाही, भुकटी उडत नाही, अन् गोड लागते. काऊन, खात नाही काय?"

"खाते ना! तेच तं रडनं हाय. मले जुनी पेंड दे. भुकटीवाली."

वाईट माल मागणारं गिऱ्हाईक अकीलनं पहिल्यांदाच पाहिलं. काका आपलं मन राखताहेत, असं त्याला वाटलं. खात्री करायला तो गोठ्यात आला, म्हशीचा बकाबका खातानाचा व्हिडिओ काढला आणि मोठ्या अभिमानानं विमलबाईंना पाठवून दिला.

संध्याकाळी फोन आला. "म्हैस तं मस्त खाऊन राह्यली," विमलबाई म्हणाल्या. आवाज उतरलेला होता.

"हाव."

"मंग मी कायले येऊ? प्रेरणा म्हणते, दिवाळीपावतर राय."

शेषराव एकदम बोलून गेले, "ते खाते वं. मी कुठी खातो? भाकर गोड लागत नाही. घर खायले उठते. तू ये."

 विमलबाई पलीकडून कुजबुजल्या, "हे पैलेच सांगता येत नव्हतं? मले बी करमत नाही इथी. तो व्हिडिओ म्या कवाच पुसला. प्रेरणाले सांगतलं, म्हैस मरायले टेकली." आणि एकदम आवाज चढवून, "काय म्हनता? उठता बी येत नाही तिले? येतेच उद्या!"

तेवढ्यात मागं म्हैस आणखी पेंडीसाठी जोरात रेकली. शेषरावांनी फोनवर हात दाबला, पण उशीर झाला होता.

"आई, कोण ओरडून राह्यलं वं तिकडं?" प्रेरणाचा आवाज आला.

"तुये बाबा," विमलबाई म्हणाल्या.