फटाकडीच्या पायाला गुलाल

फटाकडीनं सलग दहाव्या दिवशी ज्वारीकडे ढुंकून पाहिलं नाही, तेव्हा श्यामराव परचुऱ्यांच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळला. फटाकडी म्हणजे त्यांची बँटम जातीची कोंबडी. अंगानं नारळाएवढी, पण रग अशी, की गॅलरीत आलेल्या बोक्याला तिनं एकदा थेट कसबा पेठेच्या हद्दीबाहेर पिटाळलं होतं. बोका अजून परतलेला नाही.

"दाणा खात नाही, अंडं देत नाही, आणि वजन मात्र वाढतंय," श्यामराव तिला तळहातावर तोलत म्हणाले. "कुसुम, ही बाहेर खाते."

"त्यात नवीन काय? तुम्हीही खाता," कुसुमताई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

पाणीखात्यात श्यामरावांनी तीस वर्षं चोरून घेतलेले नळ हुडकले होते. गुन्हेगार त्यांनी जागच्या जागी ठरवला: वरच्या मजल्यावरच्या दुर्गाबाई. बाईंनी सोसायटीकडे अर्जच दिला होता, 'सदर कोंबडी परचुरे यांच्या गॅलरीतून त्वरित हलवावी.' रविवारी सभा. अर्ज मंजूर झाला, तर फटाकडीची रवानगी लोणी काळभोरला, मेहुण्याच्या मळ्यात. आणि मेहुण्याकडचा रस्सा किती फक्कड होतो, हे श्यामरावांच्या जिभेला चांगलं ठाऊक होतं.

"बाईच तिला दाणे टाकून वर बोलावतात, आणि सभेत सांगणार, कोंबडी घरात घुसते! पुरावा पाहिजे, पुरावा!"

दीड दिवसाच्या गणपतीचा गुलाल उरला होता. श्यामरावांनी फटाकडीचे पाय त्यात बुडवले, त्या खटपटीत तीन चोची खाल्ल्या, घराचं दार उघडं टाकलं आणि पेपरामागे दबा धरून बसले. दहा मिनिटांनी पाहतात तो फटाकडी पसार.

जिन्यात गुलाबी पावलं उमटली होती. श्यामराव कमरेत वाकून मागावर निघाले. पावलं आधी खाली गेली, कुणाच्या तरी पांढऱ्या स्कूटरवर दोन फेऱ्या मारून आली आणि मग तरातरा वर चढली.

वर मात्र घोटाळा झाला. त्या दिवशी गौरी यायच्या होत्या. दुर्गाबाईंच्या सुनेनं, तनुजानं, उंबऱ्यापासून आतपर्यंत रांगोळीची पावलं काढली होती, आणि त्यांच्यामधून ऐटीत गेली होती फटाकडीची तीन बोटांची. श्यामराव ओणवेच आत शिरले. पुढे तनुजा गौरीचा मुखवटा धरून विचारत चालली होती,

"गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

"कोंबडीच्या!" श्यामराव ओरडले.

दुर्गाबाईंच्या हातातली घंटा थांबली. मुखवटा तनुजाच्या हातून निसटता निसटता वाचला.

"काका! तुम्ही असे ओणवे काय फिरताय?"

"माग काढतोय! पावलं तुमच्या स्वयंपाकघरात गेलीत. आता बोला, दुर्गाबाई!"

दुर्गाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. अंडं द्यायला बसलीय."

ओट्याखाली बुट्टीत, मऊ धडुत्यावर, फटाकडी पंख फुलवून बसली होती. शेजारी पाच अंडी, वाटीत मोड आलेली मटकी, आणि वारा लागावा म्हणून चक्क टेबलफॅन. श्यामरावांनी हात पुढे केला, तशी तिनं चौथी चोच हाणली.

"म्हणजे तुम्हीच! आणि वर अर्ज, की कोंबडी हलवा?"

"तुमच्या गॅलरीतून हलवा, असं लिहिलंय. कुठे, ते सभेत सांगणार होते. अहो, कोरडी ज्वारी घालता तिला! शिवाय दिवसभर समोर बसून पाणीखात्याच्या गोष्टी ऐकवता. मुकं असलं तरी जीव आहे तो."

श्यामरावांनी चोच लागलेलं बोट चोखलं. मग म्हणाले, "पण हिला इथला रस्ता दाखवला कुणी?"

"मी," मागून आवाज आला. दारात कुसुमताई डबा घेऊन उभ्या होत्या. "पहिल्या दिवशी मीच आणून सोडली. आता तिची ती येते. मटकीही आपल्याच घरची."

तीस वर्षं सगळ्या पेठेवर संशय घेतलेल्या माणसानं स्वतःच्या स्वयंपाकघरावर तो कधी घेतला नव्हता.

"कुसुम, तू? माझी कोंबडी परस्पर देऊन टाकलीस?"

"मग काय करू? दिवसभर तुम्ही दोघं घरात, माझ्या पायात पायात. एकाची तरी सोय लावायला हवी होती." कुसुमताईंनी मटकीचा डबा दुर्गाबाईंच्या हाती दिला आणि त्या नवऱ्याकडे वळल्या. "आधी तुमच्यासाठीच विचारलं होतं हो. त्या म्हणाल्या, कोंबडी चालेल."