आजचा मुक्काम

ओतूरमध्ये बसल्या बसल्या रोज सकाळी परगावी पोचणारा माणूस मी एकच पाहिला, आमचे शेजारी दगडूतात्या. मी फाटक उघडलं की ओट्यावरून हाक येते, "राव, आजचा मुक्काम चेन्नई!"

तात्या मात्र जागचे हललेले नसतात. हलणार कसे? त्यांना गाडी लागते. बस नुसती सुरू झाली तरी त्यांचा चेहरा उतरतो. आळेफाट्याच्या पुढचं जग त्यांनी पाहिलेलं नाही, आणि तिथवर जातात तेही लिंबू हुंगत.

भानगड होती मोबाईलची. तात्या रोज ईमेलच्या खात्यातून बाहेर पडायचे आणि पासवर्ड टाकून पुन्हा आत शिरायचे. लगेच इशारा यायचा: तुमच्या खात्यात चेन्नईहून प्रवेश झाला आहे, तो तुम्हीच केलात का? तात्या 'होय' दाबायचे आणि डोळे मिटून बसायचे. "समुद्र हाये तितं. वारं लई ग्वाड." हैदराबाद आलं की टोपी काढून वारा घ्यायचे. नागपूर आलं की संत्रं सोलायचे. कोवळं ऊन, समोर कांद्याची चाळ, आणि हे गृहस्थ कुठल्याशा किनाऱ्यावर. कधी कधी मलाही ओठांवर खारट लागायचं.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, त्यामुळे गप्प बसवेना. "तात्या, मोबाईलचं इंटरनेट लांबून फिरून येतं. ते जिथून बाहेर पडतं, त्या गावाचं नाव दिसतं. नुसता अंदाज असतो तो, चुकतो."

"चुकू द्या की. तुमचं काय जातंय?"

पण असं डोळे झाकून 'होय' दाबत राहिलं, तर उद्या खरा चोरही आत शिरायचा. एका सकाळी मुक्काम कोचीला पडला, तेव्हा मी फोन हातात घेतला. म्हटलं, "हे इशारेच बंद करून टाकतो." तात्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. तेवढ्यात मला वरची ओळ दिसली: 'नमस्कार, सुमन.'

सुमनकाकी म्हणजे तात्यांची बायको. त्यांना जाऊन वर्ष झालं. फोन त्यांचाच, खातंही त्यांचंच.

"तिला फिरायचं लई व्हतं," तात्या म्हणाले. "माज्यापायी कुटं जाता आलं न्हाई. आता जाती एकटी. जाऊ द्या ना राव."

मी फोन परत दिला, आणि त्यांनी 'होय' दाबलं.

परवा सकाळी हाक आलीच नाही. मी काळजीने डोकावलो. ओटा झाडून लख्ख, तात्या दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसलेले. समोर चहाचे दोन कप.

"आजचा मुक्काम?" मी विचारलं.

त्यांनी फोन पुढे केला. यंत्राचा अंदाज पहिल्यांदाच बरोबर आला होता: ओतूर.

मी बसलो आणि कपाकडे हात नेला. तात्या हळूच म्हणाले, "त्यो ऱ्हाऊ द्या. तुमाला दुसरा आणतो."