सुभेदार आबांच्या बुटाची नाडी

आमच्या शेजारच्या सुभेदार आबांच्या बुटाची नाडी सारखी सुटते. सांगलीत सकाळी कृष्णेच्या घाटाकडे फिरायला निघालो, की दर शंभर पावलांवर ते खाली वाकतात. "थांब रं गड्या, सुटली वाटतं." उभी हयात फौजेत काढलेल्या माणसाला नाडी बांधता येत नाही, हे मी कॉलनीत सगळ्यांना रंगवून सांगत असे. ते वाकले की मी आधी टेकायला कट्टा शोधतो, त्यामुळे त्यांचे बूट मी कधी नीट पाहिलेच नव्हते.

यंदा वडूजकडच्या शाळेतल्या मुलींच्या सायकलींसाठी देणग्या जमवायच्या म्हणून वर्धनगडाच्या जुन्या वाटेनं ट्रेक ठरला. माझी सारी नोकरी खुर्चीत गेलेली. साहेब म्हणाले, "गडाच्या दरवाज्यात तुमचा फोटो दिसला, तर एक सायकल माझी." सगळं ऑफिस हसलं. मी रागानं नाव नोंदवलं आणि आबांनाही ओढलं.

"शेपटाला मी ऱ्हातो," आबा म्हणाले. शेपटाला आम्ही दोघंच होतो.

वाट दाखवणारी मुलगी इतिहास सांगत पुढे चालली होती. पहिल्या वळणापर्यंतचा इतिहास मला पाठ आहे. पुढचं काही ऐकू आलं नाही, कारण माझी धाप मोठी होती. तेवढ्यात आबांची नाडी सुटे आणि मी दगडावर बसे. "सावकाश होऊ द्या आबा, घाई नाही," असं वर मोठ्या मनानं म्हणे. पुढून कुणी हाक मारली की आबांकडे बोट दाखवी.

अर्ध्यात माझे पाय थरथरू लागले. सायकल गेली, असं मी मनात म्हणून टाकलं. "आबा, तुम्हाला झेपायचं नाही. उतरूया."

"व्हय, उतरू. येवढी गाठ मारतो, मग बघू."

ती गाठ मारायला त्यांना इतका वेळ लागला, की माझा दम परत आला. दरवाज्यात माझा फोटो निघाला. एका मुलीची सायकल पक्की झाली.

वर देवळापाशी मी बूट सोडत बसलो. आबांनी चपलेतून काढावेत तसे पाय बाहेर काढले. मी पाहिलं. दोन्ही गाठी जाड काळ्या दोऱ्यानं शिवलेल्या होत्या.

"आबा, ही तर शिवलीय."

"बोटं वळत न्हाईत माझी. कारभारीण बांधायची. जायच्या आदी तिनंच शिवून ठिवली. म्हणली, माज्यामागं कोण बांधंल?"

"मग वाटेत सारखं वाकत होता ते?"

आबा देवळाच्या पायरीकडे बघत राहिले. "मागं ऱ्हायलेल्या माणसाला लय एकटं वाटतं रं."

मला माझीच लाज वाटली. आजवर मी त्यांच्यासाठी थांबतोय, असंच समजत होतो.

उतरताना आबांचा गुडघा बोलायला लागला. ते दगड धरधरून पाय टाकत होते आणि कुणाला काही सांगत नव्हते. मी पटकन खाली वाकलो.

"थांबा आबा, सुटली वाटतं."

त्यांनी माझ्या घट्ट बांधलेल्या बुटांकडे पाहिलं. मग शेजारच्या दगडावर हळूच बसले.

"बांध, बांध. घाई न्हाई."