व्हर्न होलेचेकची हिरवी टोपी

"लॉर्ना, माझी हार्टवेलची लाल टोपी कुठाय?" सकाळपासून व्हर्न होलेचेकनं घर डोक्यावर घेतलं होतं.

"धुवायला टाकलीय. डाग पडला होता."

"आज? आजच्या दिवशी?"

"मग काय, डागासकट मिरवणार होतास? ती खुंटीवरची हिरवी घाल."

हिरवी टोपी प्लम क्रीक कॉलेजची. मागं गाय अडली तेव्हा तिथली गुरांच्या वैद्यकीची मुलं धावत आली, वासरू सुखरूप काढलं आणि जाताना ती टोपी व्हर्नच्या डोक्यावर ठेवून गेली. त्या दिवशी कोपरापर्यंत हात बुडवून मदत करणाऱ्या टेसानं, म्हणजे व्हर्नच्या लेकीनं, तेव्हापासून एकच घोषा लावला होता. गुरांची डॉक्टर व्हायचं आणि प्लम क्रीकलाच शिकायचं.

पण टेसा सॉफ्टबॉलमध्ये असा काही चेंडू टाकायची की समोरच्या पोरी बॅट हलवायच्याच विसरत. अख्ख्या नेब्रास्कात अशी पोर नाही, असं व्हर्न चाऱ्याच्या दुकानात रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचा. शिष्यवृत्ती हार्टवेल आणि प्लम क्रीक, दोन्ही कॉलेजं देत होती. हार्टवेलचे सामने टीव्हीवर दिसत. तिथल्या कोचची अट एकच होती: "लॅबचा विषय नको. लॅब दुपारी, प्रॅक्टिसही दुपारी. तिनं करमणूक-व्यवस्थापन घ्यावं."

प्लम क्रीकची कोच बेव्ह घरी येऊन म्हणाली होती, "आमच्याकडे लॅब आधी, सॉफ्टबॉल नंतर. म्हणून तर आम्ही हरतो."

व्हर्ननं तिला कॉफीसुद्धा अर्धा कप दिली.

"डॅड, मला करमणुकीचं व्यवस्थापन नाही करायचं," टेसा म्हणायची.

"आधी चेंडू टाक. गाईगुरं काय पळून जातायत?"

"आपली तर रोज पळतात, डॅड!"

पण ऐकतो कोण? कॉलेज निवडायचा दिवस उजाडला. शाळेच्या व्यायामशाळेत गाव लोटलं होतं. टेबलावर तीन टोप्या, मधोमध हार्टवेलची नवीकोरी लाल, बाजूच्या दोन भलत्याच कॉलेजांच्या, नुसत्या शोभेला; प्लम क्रीकची व्हर्ननं ठेवूच दिली नव्हती. मुलीनं आपल्या पसंतीच्या कॉलेजची उचलून डोक्यावर घालायची. घातली की शब्द दिला, आणि शब्द दिला की दिला. टेसाच्या एका बाजूला व्हर्न, दुसऱ्या बाजूला लॉर्ना. केकसुद्धा लालच होता.

"प्रार्थना करू या," पास्टर ग्रेडी म्हणाले.

सगळ्या पुरुषांच्या टोप्या उतरल्या. व्हर्ननं आपली काढली आणि घरी जेवणाच्या टेबलावर ठेवतो तशी समोर ठेवून दिली. पास्टरांनी पाऊस मागितला, मक्याला भाव मागितला, स्वतःच्या गुडघ्यासाठीही दोन शब्द टाकले. आमेन झालं.

"टेसा, उचल!" मुख्याध्यापक ओरडले.

टेसाचा हात लाल टोपीकडे निघाला. व्हर्नची छाती फुगली. हात लाल टोपीवरून पुढं गेला आणि तिनं हिरवी टोपी उचलून डोक्यावर घातली.

"अगं, ती माझी टोपी आहे!" व्हर्न किंचाळला. माईक चालू होता.

"ऐकलंत? बापाची टोपी!" मागून कुणीतरी ओरडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बाया डोळे पुसू लागल्या. वार्ताहरानं फोटो काढला.

व्हर्ननं पास्टरांना गाठलं. "अहो, चूक झालीय!"

"प्रार्थना संपल्या संपल्या झालं ना ते? मग चूक कशी म्हणायची, व्हर्न?"

घरी पोचेस्तोवर बेव्हचा फोन. ती चक्क रडत होती. "आमच्यासाठी डोक्यावरची टोपी काढून दिलीत! कोणता बाप देतो हो?" पाठोपाठ हार्टवेलचा कोच. "पोरीला नीट विचारा. अजून जागा धरून ठेवलीय."

बुडत्याला काडी सापडली. व्हर्न तसाच गोठ्यात गेला. टेसा त्या वेळी अडलेल्या गाईलाच खरारा करत होती. टोपी कानांवर उतरली होती. पोर स्वतःशीच हसत होती. ती अशी शेवटची कधी हसली होती ते व्हर्नला आठवेना.

"टेसा, ते टोपीचं..."

"डॅड!" तिनं त्याला मिठीच मारली. "मला वाटलं होतं, तू कधीच ऐकणार नाहीस. आणि तू गुपचूप स्वतःची टोपी काढून माझ्यापुढं ठेवलीस!"

झालं, कपाळ! व्हर्ननं तिच्या डोक्यावरची टोपी नीट बसवली.

"ठेवली खरी," तो म्हणाला. "अभ्यास आधी. नाही का?"

जेवायच्या वेळी तो आइस्क्रीम काढायला फ्रीजरशी गेला. मटारच्या पिशवीखाली लाल टोपी. ताठ गोठलेली, आणि डागाचं नाव नाही. तेवढ्यात प्रार्थनेला टोपी काढून समोर ठेवायची ती सवय आठवली. सत्तावीस वर्षं ती टोपी उचलून हे टेबल कोण पुसत आलं होतं, तेही आठवलं. त्यानं टेसा हात धुवून येण्याआधी टोपी लॉर्नापुढं आपटली.

"ही धुवायला टाकली होतीस?"

"गार पाण्यात."

"म्हणजे तू मला टोपी घातलीस!"

"घातली कुठं?" जॅम भरलेले गोड कोलाचे पाव वाढत लॉर्ना म्हणाली. "होती तीसुद्धा काढून घेतली."